गाडीच्या कपाळावरचं नाव

'विचारा की!' : वाचकांचे प्रश्न, निवृत्त स्टेशन मास्तरांची उत्तरं

प्रश्न : मी नंदगडची. वय 62. मुलगा बेंगळूरला हूडी भागात राहतो. बेळगावातून रविवारी रात्रीच्या बसनं निघून सोमवारी पहाटे तिथं पोचायचा विचार आहे. त्याची रात्रपाळी असते, आणायला येणं जमणार नाही. म्हणतो, 'आई, मेट्रोनं ये, सोपं आहे.' मला कन्नड बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. त्यात तोच एकदा म्हणाला होता की सगळ्या गाड्या त्याच्या स्टेशनापर्यंत येत नाहीत. लाइन एक, मग गाड्या वेगवेगळ्या कशा? कुठं चढू, कुठं बदलू?
— एक आई, नंदगड

उत्तर : ताई, मुलगा म्हणतो ते निम्मं खरं. मेट्रो सोपी आहे, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कुणालाच सोपी वाटत नाही. मी जन्मभर मिरज–लोंढा लाइनीवर गाड्या सोडल्या आणि तरी तिथं फसलो. ते पुढं सांगतोच.

पहिली गोष्ट, मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहराच्या मधल्या मोठ्या बस स्टँडपर्यंत, बसमध्ये बसून राहू नका. आपल्याकडची बस तुमकूर रोडनं शहरात शिरते, आणि त्याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रोची हिरवी लाइन जाते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, 'नागसंद्रला उतरवा.' तिथं जिना चढलात की स्टेशन. बस पुढं यशवंतपूरच्या गर्दीत रांगत जाणार, तुम्ही वरून जाणार.

सोमवारची पहाट निवडलीत हे चांगलं केलंत. एरवी पहिली गाडी पाचला सुटते, पण गावाकडून परतणाऱ्यांसाठी जानेवारी 2025 पासून सोमवारी सव्वाचारलाच सुरू करतात. रविवारी पहाटे पोचणारे मात्र अडकतात, कारण त्या दिवशी पहिली गाडी सातला. पिशव्या घेऊन बंद शटरसमोर बसलेली आपल्याकडची माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. एकानं तर तिथंच डबा उघडून भाकरी-ठेचा काढला होता.

तिकीट खिडकीवर 'हूडी' एवढंच म्हणा. दोन लाइनी असल्या तरी तिकीट एकच. फेब्रुवारी 2025 च्या दरवाढीत किमान भाडं 10 आणि कमाल 90 रुपये झालं. तुमचा प्रवास शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडं, तेव्हा 90 धरूनच चला. प्लास्टिकचं गोल नाणं देतात, त्याला टोकन म्हणतात. (आमच्या वेळी टोकन म्हणजे लोखंडी गोळा. तो वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात दिल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडं सुटायची नाही. हे टोकन चिमुकलं आहे, कनवटीला लावा.) आत जाताना ते फाटकावर नुसतं टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. मधे गाडी बदलताना कुठंही टाकायचं नाही.

आता वाचता येत नाही, त्याचं काय. मेट्रोतल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत आहेत. 2017 साली हिंदी पाट्यांवरून तिथं आंदोलन झालं आणि पाट्यांवरची हिंदी, म्हणजे आपली देवनागरी, गेली. आपण सीमाभागातली माणसं, पाटीचं दुखणं आपल्याला नवं नाही, ते इथं उगाळत नाही. पण तुमचं काम अडणार नाही. तुमच्याकडं तुळशीची माळ असेलच. नसली तर शेजारच्या माळकऱ्याकडून मागून घ्या. नागसंद्रला गाडी सुटली की पुढं जिथं जिथं दार उघडेल तिथं एक मणी ओढा. दासरहळ्ळी पहिला, जालहळ्ळी दुसरा, पीण्या भागातली दोन, मग गोरगुंटेपाळ्य, यशवंतपूर… तेरावा मणी मॅजेस्टिक. मोजणी चुकली तरी खूण आहे : बाराव्या स्टेशनापर्यंत गाडी रस्त्याच्या वरून जाते, खाली दुकानांचे दिवे दिसतात. त्यानंतर ती जमिनीत शिरते. खिडकीबाहेर काळं झालं की उठून दाराशी या. पहिलं भुयारी स्टेशन तेच.

तिथं स्टेशनाचं नाव 'नाडप्रभू केंपेगौडा' असं पुकारतात. मॅजेस्टिक म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण भोंग्यात ते नाव ऐकून गोंधळू नका. कन्नडमध्ये 'मुंदिन निल्दाण' म्हणजे पुढचं स्टेशन. 'एड' म्हणजे डावं आणि 'बल' म्हणजे उजवं दार, हे तुम्हाला बाजारात ऐकून माहीत असणारच.

मॅजेस्टिकला बाहेर जायचं नाही, जांभळा रंग धरून आतल्या आतच जांभळ्या लाइनीकडं जायचं. इथं खरी मेख आहे. जांभळी लाइन दोन्हीकडं जाते. पश्चिमेला चल्लघट्ट, पूर्वेला व्हाइटफील्ड. तुम्हाला व्हाइटफील्डची बाजू हवी. मुलाकडून 'व्हाइटफील्ड' आणि 'हूडी' ही दोन नावं कन्नडमध्ये ठळक लिहून मागवा आणि कागद हातात ठेवा. वाचायचं काही नाही, रांगोळीचे ठिपके जुळवतात तशी अक्षरं पाटीशी जुळवायची. माझ्या बायकोनं असंच केलं आणि माझ्याआधी बरोबर फलाटावर जाऊन उभी राहिली. मी कन्नड वाचत वाचत उलट्या फलाटावर.

तिथून पुन्हा माळ पहिल्यापासून. तीन स्टेशनं भुयारातली, चौथ्याला, म्हणजे महात्मा गांधी रोडला, गाडी वर येते आणि बाहेरचं दिसू लागतं. नववं बैयप्पनहळ्ळी, अकरावं के. आर. पुर, तेरावं गरुडाचारपाळ्य, आणि चौदावं तुमचं हूडी.

तेरावा मणी नीट धरा, कारण मुलगा सांगतो ती भानगड तिथंच आहे.

माझी मुलगीही त्याच बाजूला, हूडीच्या पुढच्या सीतारामपाळ्यला राहते. गेल्या वर्षी मी एकटाच निघालो. मांडीवर कुंद्याचा डबा, खिडकीजवळची जागा मिळालेली, मॅजेस्टिकला गाडी आली तशी चढलो होतो. रंग जांभळा, दिशा बरोबर, मग बघायचं काय? गरुडाचारपाळ्यला गाडी थांबली, भोंग्यात 'कोनेय निल्दाण' असं काहीतरी झालं, आणि डबा भराभर रिकामा झाला. मी बसूनच. वाटलं, सगळ्यांना इथंच काम असेल. शेवटी एक गणवेशातला पोरगा आत येऊन म्हणाला, 'अज्जा, ई गाडी मुंद होगल्ल.' पुढं जात नाही! कोनेय निल्दाण म्हणजे शेवटचं स्टेशन, हे मला कळत नाही असं नाही. पण नकाशात लाइन व्हाइटफील्डपर्यंत काढलेली, तेव्हा गाडीही तिथंपर्यंत जाणार असं मी मनाशी धरून बसलो होतो. जन्मभर लोकांना 'गाडीचा बोर्ड वाचा, मग चढा' म्हणून ओरडलो तो मी, आणि गाडीच्या कपाळावर काय लिहिलंय ते न बघता चढलो. मुलीला बरेच दिवस सांगितलं नाही.

तर तुमचा प्रश्न : लाइन एक, मग गाड्या वेगळ्या कशा? ताई, लाइन म्हणजे रूळ. रूळ चल्लघट्टपासून व्हाइटफील्डपर्यंत 43 किलोमीटरच्या वर आहेत, 37 स्टेशनं. पण त्या रुळांवर कुठली गाडी कुठून कुठं फिरवायची हा वेगळा कारभार. खानापूरच्या रस्त्यावरनं लोंढ्याची एसटी पण जाते आणि नुसती खानापूरची पण जाते, तसंच हे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला मॅजेस्टिकपासून गरुडाचारपाळ्यपर्यंत माणूस माणसाला चिकटून असतो, पुढं गर्दी विरळ होते. म्हणून काही गाड्या तिथूनच उलट्या फिरवतात. मधल्या भागाला तीन-तीन मिनिटांना गाडी, टोकाला जरा उशिरा.

सगळ्याच गाड्या टोकापर्यंत का नेत नाहीत? हा हिशेब स्टेशन मास्तराच्या जातीचा आहे, तेव्हा दोन मिनिटं सोसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सुमारे एक तास वीस मिनिटं धरा. जाऊन-येऊन, टोकाला गाडी फिरवून परत जाग्यावर यायला 170 मिनिटं. दर पाच मिनिटांना गाडी द्यायची तर 170 भागिले 5, म्हणजे 34 गाड्या एकाच वेळी रुळावर हव्यात. दर तीन मिनिटांना द्यायची तर 57. आणि गंमत बघा, 2024 मध्ये जांभळी आणि हिरवी दोन्ही लाइनी मिळून त्यांच्याकडं गाड्या होत्याच 57! सगळ्या जांभळीवर आणल्या असत्या तर हिरवीवर काय, बैलगाडी सोडायची? म्हणून मधेच फिरवायच्या. निम्म्या वाटेत फिरली की तीच गाडी लवकर परत येते आणि गर्दीच्या भागात जास्त खेपा करते. कारभारी बाई चार भाकरीच्या पिठात सहा जणांना जेवू घालते, त्यातलाच प्रकार.

हे गर्दीच्या वेळचं आहे. तुम्ही पहाटे जाणार, तुम्हाला बहुतेक सरळ गाडी मिळेल. पण आपल्या बसचा भरवसा काय, तुमकूरजवळ अडकली तर नागसंद्रला नऊ वाजतील. तेव्हा गरुडाचारपाळ्यला सगळे उतरायला लागले तर तुम्हीही उतरा. बाहेर पडू नका, टोकन हातात ठेवा, मागून येणारी व्हाइटफील्डची गाडी धरा. एकच स्टेशन उरलेलं असतं. चुकलं म्हणून जास्त पैसे पडत नाहीत, पाच-दहा मिनिटं जातात, बस्स.

आणखी एक. बसऐवजी रेल्वेनं गेलात तर गाडी बदलायचीच गरज नाही. बेंगळूरच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाला लागून जांभळ्या लाइनीचं भुयारी स्टेशन आहे, तिथून हूडी पंधरावं. त्या स्टेशनाचं नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. तुम्ही नंदगडच्या, तुम्हाला मी काय सांगायचं? 1831 साली त्यांना फाशी दिलं ते तुमच्याच गावाला. भोंग्यात ते नाव आलं की गाव आठवेल.

प्रश्न : मी बेळगावचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. पिवळी लाइन सुरू झाली तेव्हा 25-25 मिनिटं गाडीची वाट बघितली. आता कमी झाली आहे. एवढा खर्च करून लाइन बांधायची आणि गाड्याच नाहीत, हे कसलं नियोजन? शिवाय वंदे भारतनं आलो तर सर्वांत जवळचा रस्ता कोणता?
— एक नोकरदार, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण हिशेब फार सरळ आहे आणि वरच्या ताईंच्या उत्तरातला गणिती मंत्रच इथं लागतो. पिवळी लाइन आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, 19 किलोमीटर, 16 स्टेशनं. एक बाजू 35 मिनिटं, जाऊन-येऊन आणि फिरवण्यासह 75. उद्घाटनाला गाड्या तीनच होत्या. 75 भागिले 3, बरोबर 25 मिनिटं. चौथी गाडी आली, 75 भागिले 4, आणि वेळ आली 19 मिनिटांवर. पाचवी आली, 15. वेळापत्रक कुणी ऑफिसात बसून ठरवलं नव्हतं, गाड्यांच्या संख्येनंच ठरवलं होतं. पण बघा, पहिली एक गाडी वाढली तेव्हा तुमची सहा मिनिटं वाचली, दुसरी वाढली तेव्हा चारच. पुढं पुढं हे असंच आटत जाणार. पाच मिनिटांची सेवा हवी तर 15 गाड्या लागतील. डबे वेळेवर का आले नाहीत, हा तुमचा प्रश्न मात्र खरा, आणि त्याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं.

ही लाइन आणि बेळगावची वंदे भारत, दोन्हीचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, 10 ऑगस्ट 2025. पण म्हणून त्या दोघी एकमेकींना भेटतात असं नाही. पिवळी लाइन मॅजेस्टिकला जातच नाही. वंदे भारतनं शेवटपर्यंत न जाता यशवंतपूरला उतरा, शेजारच्या मेट्रो स्टेशनावरून सिल्क इन्स्टिट्यूटकडं जाणारी हिरवी गाडी घ्या, चौदाव्या स्टेशनाला, आर. व्ही. रोडला, बदला. तिथून पिवळी. रागीगुड्ड ते सिल्क बोर्ड या भागात खाली उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी दुमजली रचना आहे. खिडकीतून खालची वाहनांची रांग दिसते. सिल्क बोर्डच्या चौकात ज्यानं तास तास काढलेत त्याला तेवढं बघूनच तिकिटाचे पैसे वसूल वाटतात.

हिरव्या लाइनीवरही गाडीच्या कपाळावरचं नाव वाचत जा.

प्रश्न : बेंगळूर मेट्रोचं स्मार्ट कार्ड पुण्यात चालतं का? मुलगी कोथरूडला वनाजजवळ असते, आम्ही एसटीनं स्वारगेटला उतरतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ते कार्ड चालत नाही. बँकेकडून मिळणारं राष्ट्रीय सामायिक कार्ड (एनसीएमसी) घ्या, ते दोन्हीकडं चालतं. स्वारगेटचा भुयारी मार्ग सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तुमची रिक्षा सुटली. पिंपरी-चिंचवडकडच्या गाडीत बसा. मंडई, कसबा पेठ आणि तिसरं जिल्हा न्यायालय. तिथं उतरून वनाजची गाडी. फक्त ते स्टेशन 33 मीटर खोल आहे आणि वनाजची गाडी जमिनीच्या वरून जाते, म्हणजे पाताळातून माडीवर चढायचं. सरकते जिने आहेत, पण गुडघे दुखत असतील तर सरळ लिफ्ट शोधा. पाट्या मराठीत आहेत, हे निपाणीकरांना सांगायला मला फार बरं वाटतं.

प्रश्न : बेळगावात मेट्रो कधी येणार?
— एक उत्साही वाचक, टिळकवाडी

उत्तर : दादा, तुम्ही टिळकवाडीचे. आधी रेल्वेचं गेट पडल्यावर पलीकडं कसं जायचं ते मला सांगा, मग मेट्रोचं बोलू. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर पाच लाखांच्या आतच होतं. आपल्याला वेळेवर येणारी आणि बोर्ड वाचता येणारी सिटी बस मिळाली तरी मी कॅम्पातून अनगोळपर्यंत नाचत जाईन.

प्रश्न : मी सातवीत आहे. बेळगाव स्टेशनवर रुळांवर वायरी असतात. मामानं बेंगळूरची मेट्रो दाखवली, तिथं वर वायरच नव्हती. मग गाडी कशावर चालते?
— एक विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : शाब्बास! मोठ्या माणसांना हे दिसत नाही. बेंगळूरला वीज वरून नाही, खालून देतात. दोन रुळांच्या बाजूला तिसरा एक रूळ असतो, त्यावर झाकण घातलेलं असतं. त्यात 750 व्होल्ट वीज असते आणि गाडीच्या बाजूचा एक बूट त्याला घासत चालतो. बूट हा खरंच आमच्या भाषेतला शब्द आहे, हसू नको. आपल्या रेल्वेच्या वायरीत 25,000 व्होल्ट असतात आणि पुण्याच्या मेट्रोतही तशीच वायर वर आहे. बेंगळूरचे रूळसुद्धा आपल्यापेक्षा जवळ जवळ आहेत. आपल्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, तिथं 1435. पट्टी घेऊन अंगणात खडूनं दोन्ही आखून बघ, फरक कळेल.

आणि एक पक्कं लक्षात ठेव. फलाटावरून चप्पल, चेंडू, मोबाइल, काहीही खाली पडलं तरी उडी मारायची नाही. तो तिसरा रूळ दिसायला मुका असतो. स्टेशनवरच्या गणवेशातल्या माणसाला सांगायचं, तो वीज आणि गाडी बघून काठीनं काढून देतो.